पोर्टेबल डाउनलोडर की इन्स्टॉल केलेला?

नांदेड-हिंगोली रस्त्याला नागपूर-तुळजापूर महामार्ग मिळतो तो वारंगा फाटा. अशा फाट्यांवरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर सातबारा निघतो, पीक विमा भरला जातो आणि हॉलतिकीटही छापलं जातं. तिथं डाउनलोडर इन्स्टॉल करायचा तर बहुधा ॲडमिनचा पासवर्ड लागतो. मालक तो देत नाही, आणि बरोबरच करतो.

इथं पोर्टेबल आवृत्ती कामाला येते. प्रोग्राम, सेटिंग्ज, अर्धवट डाउनलोडची यादी, सगळं पेनड्राइव्हवरच्या एकाच फोल्डरात. जॉन हॅलर यांनी 2004 मध्ये फायरफॉक्सची पोर्टेबल आवृत्ती काढली. पोर्टेबलॲप्स हा संग्रह त्यातूनच वाढला. क्यूबिटटोरेंट या टोरेंट डाउनलोडरचं तर आणखी सोपं: मूळ एक्सई फाइलशेजारी इंग्रजीत ‘प्रोफाइल’ नावाचं फोल्डर केलं, की तो सेटिंग्ज तिथंच ठेवतो.

मात्र पेनड्राइव्ह फॅट32 असेल, तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. आधी डेटा दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

घरच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलाच बरा. ब्राउझरमधली लिंक तो आपणहून पकडतो. पोर्टेबलमध्ये ही सोय बहुधा अपुरी असते.

इंटरनेट डाउनलोड मॅनेजर 30 दिवस फुकट वापरता येतो, पण कंपनी त्याची पोर्टेबल आवृत्ती देत नाही. त्या नावानं फिरणारी फाइल कुणीतरी परस्पर बदललेली असते; ती उघडू नका.