बंद पडलेले वीजमीटर आणि सरासरी देयक : घरगुती ग्राहकाच्या संदर्भात कायदेशीर व व्यावहारिक विवेचन

प्रस्तावना :

वीज ही आधुनिक जीवनातील मूलभूत गरज आहे. तथापि ती डोळ्यांना दिसत नाही, हातांनी मोजता येत नाही आणि वापरल्यानंतर तिचा कोणताही अवशेष मागे उरत नाही. त्यामुळे ग्राहक आणि वितरण परवानाधारक यांच्यातील व्यवहाराचा एकमेव साक्षीदार म्हणजे मीटर होय. हा साक्षीदारच मूक झाला, तर किती वीज वापरली गेली हे ठरवायचे कसे, असा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी अंदाजाचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु अंदाज कोणी करावा, कोणत्या आधारावर करावा आणि किती काळासाठी करावा, याची उत्तरे मनाला येईल तशी देता येत नाहीत. ती कायद्याने बांधून दिलेली आहेत.

मीटर बंद पडल्यानंतर काही महिन्यांनी हाती पडलेले मोठ्या रकमेचे देयक ही मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाच्या दृष्टीने साधी बाब नसते. रक्कम भरावी तर महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते, न भरावी तर वीजपुरवठा खंडित होण्याची भीती असते. विद्यार्थी, भाडेकरू, शेजारी किंवा घरातील कामात मदत करणाऱ्या व्यक्ती असे देयक घेऊन अनेकदा महाविद्यालयीन प्राध्यापकांकडेच सल्ल्यासाठी येतात. म्हणून हा विषय सुशिक्षित वर्गाने नेमकेपणाने समजून घेणे आवश्यक आहे. मीटर नादुरुस्तीचे प्रकार स्पष्ट करणे, महाराष्ट्रात लागू असलेल्या तरतुदींचा परिचय करून देणे, सरासरी काढण्याची पद्धत उदाहरणासह मांडणे आणि दाद मागण्याचा मार्ग दाखविणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

मीटर नादुरुस्तीचे प्रकार :

व्यवहारात ‘मीटर खराब आहे’ या एकाच वाक्यात अनेक भिन्न गोष्टी सामावलेल्या असतात. कायदा मात्र त्यांच्यात भेद करतो. म्हणून आपले प्रकरण कोणत्या प्रकारात मोडते, हे प्रथम ठरवावे लागते.

१) मीटर सुस्थितीत आहे, परंतु घर बंद असल्याने किंवा कर्मचारी न आल्याने रीडिंग घेतले गेले नाही. येथे मोजणी चालूच असते. पुढील प्रत्यक्ष रीडिंग मिळताच हिशेब आपोआप सुधारता येतो.

२) मीटर चालू आहे, परंतु विहित मर्यादेपेक्षा वेगाने किंवा मंद गतीने चालते. येथे चाचणीच्या निष्कर्षावरून त्रुटीचे प्रमाण समजते आणि त्यानुसार देयकात दुरुस्ती होते.

३) मीटरने नोंद घेणेच थांबविले आहे. येथे दुरुस्त करण्याजोगा आकडाच उपलब्ध नसतो, म्हणून पूर्वीच्या वापरावरून सरासरी काढावी लागते.

४) मीटरमध्ये हेतुपुरस्सर फेरफार केला आहे. हा विषय अनधिकृत वापर किंवा वीजचोरी यांच्याशी संबंधित असून त्यासाठी विद्युत कायदा, २००३ मधील कलम १२६ व कलम १३५ ही स्वतंत्र कलमे आहेत.

यांपैकी तिसरा व चौथा प्रकार यांची गल्लत होणे ग्राहकासाठी सर्वाधिक घातक ठरते. कलम १२६ खालील आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने होते आणि अनधिकृत वापराचा कालावधी निश्चित करता आला नाही, तर ती तपासणीपूर्वीच्या १२ महिन्यांसाठी केली जाते. मीटर आपोआप बंद पडणे म्हणजे अनधिकृत वापर नव्हे. म्हणून हाती आलेले देयक कोणत्या तरतुदीखाली दिले आहे, हे लेखी विचारणे हे ग्राहकाचे पहिले पाऊल असले पाहिजे.

बिघाडाची प्राथमिक ओळख :

जुन्या विद्युत-यांत्रिकी मीटरमध्ये ॲल्युमिनियमची तबकडी फिरत असे. भार चालू असताना ती स्थिर दिसली की बिघाड उघड होई. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये तबकडीऐवजी एक छोटा दिवा असतो व तो वापराच्या प्रमाणात लुकलुकतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकेल, ती संख्या मीटरच्या दर्शनी भागावर छापलेली असते. समजा ती संख्या ३२०० आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ एक हजार वॅटचा हीटर चालू ठेवला, तर एका तासात एक युनिट वीज खर्च होईल, म्हणजेच दिवा एका मिनिटात सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. ही चाचणी प्रयोगशाळेतील चाचणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु तक्रार करण्याइतपत आधार तिच्यातून निश्चितच मिळतो.

दिवा लुकलुकत असेल, पण पडदा कोरा असेल, तर केवळ दर्शनपटल बिघडले असण्याची शक्यता असते. अशा वेळी मीटरच्या स्मृतीतील नोंदी उपकरणाद्वारे उतरवून घेता येऊ शकतात, आणि तसे झाल्यास सरासरीची आवश्यकताच उरत नाही. म्हणून मीटर बदलताना ‘जुन्या मीटरमधील माहिती उतरवून घ्यावी’ अशी मागणी लेखी करणे हितावह असते. मीटरचे सील मात्र ग्राहकाने कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तसे केल्यास तिसऱ्या प्रकारातील निर्दोष प्रकरण चौथ्या प्रकारात ओढले जाण्याचा धोका संभवतो.

कायदेशीर चौकट :

भारतीय विद्युत अधिनियम, १९१० च्या कलम २६(६) अन्वये मीटरच्या अचूकतेविषयीचा वाद विद्युत निरीक्षकाकडे सोपविला जात असे आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या कालावधीसाठी वापराचा अंदाज करता येत असे. म्हणजेच अंदाजाला काळाची मर्यादा असावी, हे तत्त्व आपल्या विद्युतविषयक कायद्यात जुनेच आहे.

१० जून २००३ पासून अमलात आलेल्या विद्युत कायद्याच्या कलम ५५ ने अचूक मीटरद्वारेच वीजपुरवठा करण्याचे बंधन परवानाधारकावर घातले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००५ च्या वीजपुरवठा संहितेत आणि त्यानंतर तिची जागा घेणाऱ्या २०२१ च्या विनियमांत नादुरुस्त मीटरविषयी सविस्तर तरतूद केली. तिचा आशय असा की, मीटरने नोंद घेणे थांबविले असल्यास, ज्या काळात ते बंद होते त्या काळासाठी, परंतु कमाल तीन महिन्यांपुरतीच, आकारणी करता येते. तिचा आधार म्हणजे देयक आकारणीच्या महिन्यापूर्वीचे तीन महिने वगळून त्याआधीच्या बारा महिन्यांचा सरासरी मोजलेला वापर होय. वेगवान अथवा मंद मीटरच्या बाबतीतही वाद उद्भवलेल्या महिन्यापूर्वीच्या कमाल तीन महिन्यांपर्यंतच दुरुस्ती होते आणि आकारणीच्या देयकासोबत चाचणी अहवाल देणे आवश्यक असते.

केंद्र शासनाच्या विद्युत (ग्राहक हक्क) नियम, २०२० नेही यात भर घातली. त्यानुसार नादुरुस्त, जळालेले किंवा चोरीला गेलेले मीटर बदलण्यासाठी राज्य आयोगाने ठरवावयाची मुदत शहरी भागात २४ तासांहून आणि ग्रामीण भागात ७२ तासांहून अधिक असू नये. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती देयके देऊ नयेत, असेही हे नियम सांगतात. मीटरचे वाचन वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करावी, अशी तरतूद २०२४ च्या दुरुस्तीने केली.

सरासरीचे गणित :

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घराचे मीटर जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर हे तीन महिने बंद होते आणि ऑक्टोबरमध्ये आकारणी करावयाची आहे. नियमानुसार हे तीन महिने वगळून मागील वर्षीच्या जुलैपासून चालू वर्षाच्या जूनपर्यंतचा वापर विचारात घ्यावा लागेल. तो अनुक्रमे ११०, १०५, १०८, १२०, ९५, ८८, ८५, ९२, १३०, १६५, १७२ आणि १३४ युनिट आहे असे मानू. एकूण १४०४ युनिटांची मासिक सरासरी ११७ येते. म्हणून तीन महिन्यांची आकारणी ३५१ युनिटांची होईल.

आता बारा महिन्यांऐवजी केवळ एप्रिल ते जून हे लगतचे तीन महिने धरले, तर सरासरी १५७ आणि एकूण आकारणी ४७१ युनिट, म्हणजे १२० युनिटांनी अधिक होते. उलट डिसेंबर ते फेब्रुवारी धरल्यास सरासरी जेमतेम ८८ येते. घर तेच, माणसे तीच. केवळ आधारभूत महिने बदलल्याने आकडा जवळजवळ दुप्पट होतो. बारा महिन्यांची सरासरी तिन्ही ऋतूंना सामावून घेते. ती प्रत्यक्ष वापराइतकी अचूक नसते. याच उदाहरणात मागील वर्षीच्या त्याच तीन महिन्यांचा वापर ३२३ युनिट होता. परंतु ती कोणत्याही एका पक्षाला सोयीचे महिने निवडण्याची मुभा देत नाही, आणि हाच तिचा मुख्य गुण आहे.

दुसरी दक्षता टप्प्यांच्या विभागणीची होय. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० पेक्षा अधिक युनिट असे मासिक टप्पे असून वरच्या टप्प्याचा दर अधिक असतो. वरील ३५१ युनिट तीन महिन्यांत विभागल्यास ३०० युनिट पहिल्या टप्प्यात आणि ५१ युनिट दुसऱ्या टप्प्यात येतात. तेच एका महिन्याचा वापर म्हणून धरल्यास पहिल्या टप्प्यात केवळ १००, दुसऱ्यात २०० आणि तिसऱ्यात ५१ युनिट जातात. युनिटांची संख्या बरोबर असूनही देयक चुकीचे असू शकते, ते असे.

या दोन्ही मुद्द्यांचा अनुभव महाराष्ट्राने २०२० मध्ये व्यापक प्रमाणावर घेतला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मीटरवाचन थांबले आणि हिवाळ्यातील वापराच्या सरासरीवर देयके दिली गेली. प्रत्यक्षात उन्हाळा होता आणि सर्व कुटुंबीय घरातच होते. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाल्यावर साचलेला फरक एकत्रित देयकांत उतरला आणि राज्यभर असंतोष उसळला. तेथे मीटर चालू होते, म्हणून खरा आकडा अखेर मिळाला. बंद मीटरच्या बाबतीत तो कधीच मिळत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दाद मागण्याचा मार्ग :

देयकावर मीटरची स्थिती नादुरुस्त दर्शविली असल्यास किंवा चालू व मागील रीडिंग सारखेच असूनही युनिट आकारले असल्यास त्वरित लेखी तक्रार करून पोच घ्यावी. मीटरचे दिनांकित छायाचित्र, मागील किमान पंधरा महिन्यांची देयके आणि मीटर बदलल्याचा अहवाल जपून ठेवावा. तक्रारीत तीन गोष्टींची मागणी असावी : आकारणीचा कालावधी, सरासरीसाठी धरलेले महिने आणि टप्पानिहाय गणित.

वाद प्रलंबित असताना पुरवठा खंडित होऊ नये यासाठी कलम ५६(१) च्या परंतुकात महत्त्वाचे संरक्षण आहे. मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणेही बंधनकारक आहे. कार्यालयीन पातळीवर समाधान न झाल्यास कलम ४२(५) खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, अर्ज करता येतो. मंचाच्या निर्णयाविरुद्ध मुंबई व नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे ६० दिवसांत दाद मागता येते.

जुन्या थकबाकीसंबंधी कलम ५६(२) मधील दोन वर्षांच्या मर्यादेचा उल्लेख वारंवार केला जातो. याविषयी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेर विद्युत वितरण निगम विरुद्ध रहमतुल्ला खान या प्रकरणात असे स्पष्ट केले की, रक्कम देण्याचे दायित्व देयक दिल्यावर निर्माण होते. चूक लक्षात आल्यावर पूरक मागणी करता येते, मात्र मुदतबाह्य मागणीसाठी पुरवठा खंडित करण्याचा मार्ग अवलंबिता येत नाही. ते प्रकरण चुकीच्या दरसंकेताचे होते, बंद मीटरचे नव्हे. म्हणून ‘दोन वर्षांपर्यंत केव्हाही वसुली करता येते’ हे विधान बंद मीटरच्या तीन महिन्यांच्या मर्यादेला उत्तर ठरत नाही. एक तरतूद वसुलीच्या मुदतीविषयी, तर दुसरी अंदाजाच्या कालावधीविषयी बोलते.

समारोप :

मीटर बंद असतानाही वीज वापरली जाते, तेव्हा तिचे मूल्य देण्याची जबाबदारी ग्राहकाने नाकारणे न्याय्य ठरत नाही. शून्य युनिटांचे देयक मुकाट्याने स्वीकारत राहणे हेही उचित नव्हे. परंतु मीटर अचूक ठेवण्याचे व वेळेत बदलण्याचे साधन परवानाधारकाच्या हाती असते, ग्राहकाच्या नव्हे. तीन महिन्यांची मर्यादा ही ग्राहकाला दिलेली सवलत नसून ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याच्यावर विलंबाचा भार टाकण्याची योजना होय. ही मर्यादा विसरली गेली, तर मीटर बदलण्याची निकडच उरणार नाही.

म्हणून असे देयक घेऊन कोणी आपल्याकडे आल्यास ‘आधी भरून टाका’ किंवा ‘मुळीच भरू नका’ या दोन्ही सल्ल्यांपेक्षा, बिघाड कोणत्या प्रकारचा, कालावधी किती आणि सरासरी कोणत्या महिन्यांची, हे तीन प्रश्न त्याच्या अर्जात लिहून देणे अधिक उपयुक्त ठरेल. यांची उत्तरे लेखी मिळाली, की वादाचा निम्मा भाग तेथेच संपतो.