दगडफुलाची ओळख

मसाल्याच्या डब्यातील दगडफूल आपल्या परिचयाचे आहे. फ्रीगंजातील किराणा दुकानात ते ‘पत्थरफूल’ म्हणून मागावे लागते. आमच्या कोकणी स्वयंपाकघरातही त्यास मान आहे. परंतु हे फूल नव्हे. बुरशी व सूक्ष्म हिरवे शैवल यांचा तो एकत्र संसार होय. बुरशी निवारा देते, शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. अशा जोडजीवास शास्त्रात ‘शैवाक’ म्हणतात.

पुडीतील सर्व तुकडे एकाच जातीचे असतात काय? बहुधा नाही. ‘पर्मोट्रेमा’ वंशाच्या निरनिराळ्या जाती, क्वचित अन्य वंशांचे शैवाकही, त्यात मिसळलेले असतात.

प्रथम वंश ओळखावा. पर्मोट्रेमाच्या पाकळ्या रुंद व गोलसर असतात. त्यांची वरची बाजू राखाडी, खालची काळी असते. खाली मध्यभागी बारीक मुळांसारखे धागे असतात. कडेलगतचा पट्टा मात्र बहुधा मोकळा राहतो.

मग भिंगातून जात शोधावी. पाकळीवर पिठासारखे कण आहेत, की बोटांसारखे सूक्ष्म अंकुर? काठावर केस आहेत काय? पृष्ठावर पांढरी जाळी दिसते काय?

एवढ्यानेही निर्णय होत नसेल, तर रसायन साहाय्यास येते. फिनलंडचे शास्त्रज्ञ न्यूलांडर यांनी १८६६ साली ही पद्धत प्रचारात आणली. पाकळी खरवडून आतील पांढऱ्या थरावर विरंजक चूर्णाच्या पाण्याचा थेंब टाकतात. अंकुर असलेल्या व केस नसलेल्या ‘पर्मोट्रेमा टिंक्टोरम’चा थर तत्काळ लाल होतो. टिंक्टोरम म्हणजे ‘रंगाऱ्यांचे’! जाळीदार व पीठ धरणाऱ्या ‘पर्मोट्रेमा रेटिक्युलेटम’वर त्या पाण्याचा परिणाम होत नाही, कॉस्टिक पोटॅशने मात्र त्याचा थर आधी पिवळा, मग लाल होतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचे वाळविलेले नमुने जपून ठेवले आहेत. नवा नमुना अशा संग्रहाशी ताडून पाहिला म्हणजे त्याचे नाव निश्चित होते.

एवढा खटाटोप कशासाठी? दगडफुलाची शेती होत नाही; ते रानातील झाडांवरून व खडकांवरून खरवडून आणतात. त्याची वाढ फार मंद, पुष्कळ शैवाकांची वर्षाकाठी काही मिलिमीटरच. सर्वांना एकच नाव दिले, तर कोणती जात रानातून नाहीशी होत आहे हे कळणार कसे?

सुटीत आईकडून चिमूटभर दगडफूल मागून घ्या. ते पाण्यात भिजवून भिंगाखाली धरा आणि किती प्रकार निघतात ते मोजा. रासायनिक परीक्षा मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या समक्षच करावी.