पत्र्याखालची वर्षं

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, याचा हिशेब कोणी मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. १९६० नंतर इथे बजाज आली, टेल्को आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य वर्कशॉपं आली आणि फिटर, टर्नर, टूलमेकर यांची एक अख्खी पिढी घडली. २००७ साली बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन थांबलं, तोवर त्या पिढीतले बरेच जण कुणी व्हीआरएस घेऊन, कुणी वयोमानाने घरी बसले होते. कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद धरलं, कुणी भजनी मंडळ. काही जण सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये चढून कारखान्यांना पाठ करून मावळात जाऊ लागले. मी त्यांच्यातला.

कामशेतजवळ, नाणे मावळाच्या वाटेवर थोडी जमीन घेतली. साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून जमलं. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायदा आडवा येतो. माझे किती तरी सहकारी त्या एका कागदावर अडले आणि नाइलाजाने एनए प्लॉटकडे वळले. एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण खुला झाल्यावर या पट्ट्यात फार्महाऊसं उगवलीच होती. त्यांतली बरीचशी वर्षातून चार-सहा वेळा उघडतात. त्यांच्या गेटवरचं कुलूप मात्र दर पावसाळ्यात गंजतं आणि ते तोडायला माणूस लागतो. ते कामही मी केलं आहे.

पहिली वर्षं पाऊस समजून घेण्यात गेली. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर, आणि कामशेत या दोहोंच्या मधे. टूलरूममध्ये वातानुकूलित खोलीत गेज ठेवायची सवय असलेल्या माणसाला ही मधली जागा फार छळते. जून ते सप्टेंबर लोखंड उघडं राहिलं की संपलं. कुदळवाडीच्या भंगार बाजारातून जुना लेथ आणला होता (तिथली गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली), त्याच्या बेडला ग्रीस फासून वर गोणपाट टाकायचं, ही पावसाळ्याची पहिली तयारी. प्लायवूड फुगतं, खांबाला वाळवी लागते, ओल धरलेल्या मोटरचं विंडिंग जळतं. विजेचं आणखी वेगळं. शेतीपंपाच्या तीन फेजवर लेथ चालवणं नियमात बसत नाही, म्हणून त्याला सिंगल फेजची लहान मोटर बसवली. कट हलका घ्यायचा आणि घाई करायची नाही. निवृत्त माणसाला ते परवडतं.

त्या काळात मी जे जे बनवलं त्याची यादी मोठी आहे आणि आता वाचताना कंटाळा येतो. लोखंडी झोपाळा, वेलींचा मांडव, पक्ष्यांसाठी घरं, वाऱ्यावर फिरणारा पंखा, आंबे सुकवायचा सोलर ड्रायर. ड्रायर फार चांगला झाला होता. त्यात आंबे कोणी सुकवले नाहीत. मित्र यायचे, फोटो काढायचे, ‘छान वेळ जातो तुझा’ म्हणायचे. वेळ जात होता, हे खरंच होतं. पण एखादी वस्तू महिनाभर रखडली तरी कुणाचं काही अडत नव्हतं, आणि हे माझ्या हातांना कळत होतं. कारखान्यात डाय वेळेवर गेली नाही तर प्रेसलाइन थांबायची. इथे माझ्यामुळे काहीच थांबत नव्हतं.

बदल झाला तो एका मळणी यंत्रापासून. पायाने चालवायचं, तारांच्या आकड्यांचं ड्रम असलेलं साधं यंत्र. शेजारच्या वाडीतला शेतकरी दुचाकीवर ड्रमचा शाफ्ट बांधून घेऊन आला. ‘काका, बेअरिंग बसलंय. उद्याला मळणी हाय, आजच व्हायला पायजे.’ शाफ्टला घळ पडली होती. वेल्डिंगने भरून लेथवर उतरवला, संध्याकाळी तो घेऊन गेला. बेअरिंगपेक्षा मला ते ‘आजच’ जास्त लक्षात राहिलं. मग पंपाचे फूट व्हॉल्व्ह आले, कडबा कुट्टीची पाती आली, पॉवर टिलरचे ब्लेड आले, दुधाच्या कॅनची झाकणं आली. पैसे घ्यायला अवघड वाटायचं, तर घरात इंद्रायणी येऊ लागला. त्या तांदळाचं गाव इथून जवळच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहराचा वास आणि उत्पन्नही बरं, म्हणून मावळाने तो धरला तो धरलाच.

भाताने मला अचूकतेचा नवा धडा दिला. चारसूत्री पद्धतीत रोपं २५ आणि १५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर लावतात आणि चार रोपांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचतात. शिवाय भाताचा पेंढा किंवा तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला. अंतर चुकलं की गोळीचा हिशेबच बिघडतो. त्यासाठी खुणा केलेली नायलॉनची दोरी लागते. उभ्या नोकरीत मी मायक्रॉनच्या गोष्टी केल्या. पण चिखलात न पुसणाऱ्या, ओल्या हाताला बोटाने चाचपून कळणाऱ्या खुणा करायला मला दोन हंगाम लागले. शेवटी शाई सोडून दिली आणि दोरीवर पितळी नळीचे तुकडे दाबून बसवले. त्या दोऱ्या अजून वापरात आहेत. झोपाळा केव्हाच भंगारात गेला.

या वाटेवर आमच्या आधी गेलेला माणूस पुणे जिल्ह्यातच होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमधली मोठी नोकरी मुदतीआधी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती हे सगळं हाताने करत शिकायचं आणि गावाला लागणारी कामं करून द्यायची, अशी त्यांची रीत. त्रिकोणी चौकटींचा पाबळ डोम तिथलाच. २००३ साली ते गेले. मी आश्रम पाहिला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. कलबागांची उंची माझ्यासारख्याला गाठायची नव्हतीच, पण एक गोष्ट तिथे स्पष्ट दिसली. वर्कशॉपचं दार गावाकडे उघडतं की मालकाच्या अंगणाकडे, यावर पुढचं सगळं ठरतं. परत आल्यावर मी शेडचं मागचं दार बंद करून रस्त्याच्या बाजूला नवं काढलं. घरच्यांना धुळीचा त्रास झाला, तो अजून ऐकून घेतो.

सगळ्यात जास्त काम झालं ते २०२० साली. मार्चपासून लोकल बंद, मी कामशेतलाच अडकलेला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळात शिरलं. घरांचे, गोठ्यांचे, शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, गुलाबाच्या पॉलिहाऊसांचं प्लास्टिक फाटून झाडांवर लोंबू लागलं. पाऊस कोणत्याही दिवशी येणार होता. पत्रे शोधून, ठोकून सरळ करता येत होते; पण ते कैचीला धरून ठेवणारे जे-हुक नव्हते, दुकानं अर्धवेळ उघडी आणि माल वरून येत नव्हता. वीज नाही म्हणजे लेथ नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. उरलं ते व्हाइस, हॅक्सॉ आणि हाताने फिरवायची डाय. आठ मिलिमीटरची सळई कापायची, तोंडाला कानस मारायची, तेल टाकून आटे पाडायचे, मग व्हाइसमध्ये धरून वाकवायची. वाडीतली चार पोरं पाळीपाळीने डाय फिरवत होती. अप्रेंटिस असताना पहिल्या वर्षी आमच्याकडून हेच करून घेतलं होतं आणि आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या. डांबरी वॉशर संपले तेव्हा टायरच्या ट्यूबचे गोल कापले. ट्यूबचा वॉशर उन्हात फार टिकत नाही, हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं. नंतर बहुतेकांनी बदलले.

त्या चार पोरांपैकी एक जण आता चाकणला कंपनीच्या बसने जातो आणि सीएनसी मशीन चालवतो. रविवारी शेडमध्ये येतो. माझे गुडघे गेलेत, डोळ्यांना व्हर्नियरच्या रेघा दिसत नाहीत, त्यामुळे माप तो घेतो आणि फीड किती द्यायचा ते मी सांगतो. मुलगा हिंजवडीत असतो, त्याला या लोखंडात रस नाही. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता. त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. लेथ त्या पोराच्या गोठ्याशेजारी हलवायचा ठरलाय. पावसाळ्याआधी काँक्रीटचा पाया घालायला हवा, लेव्हल मी बघेन. सिंगल फेजची मोटर काढून रीतसर व्यावसायिक मीटर घ्यायचा आणि तीन फेजवर चालवायचा, असं त्याचं म्हणणं आहे. बिल परवडणार नाही, असं माझं. गेल्या तीन रविवारी आमचा याच्यावरच वाद चालू आहे.