बंदिशाळेतील सिद्धी

गणेशोत्सवात पेणच्या मूर्ती घरोघरी विराजमान होतात आणि भाविक सिद्धिदात्याकडे यशाचे मागणे मागतात. याच कुलाबा मुलखात पेणकर, रोहेकर अशी आडनावे धारण करणारा आणि तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने आपली कीर्तनपद्धती स्वीकारली. आख्यान मात्र बायबलातले.

त्या ग्रंथातील योसेफाचे चरित्र आम्हांस आख्यानास फार योग्य वाटते. ख्रिस्ती बांधवही ते ‘जुन्या करारा’त भक्तीने वाचतात. १७ वर्षांच्या योसेफाला भावांनीच विकले. मिसर देशी तो दास झाला, खोट्या आळामुळे बंदीत पडला आणि ३०व्या वर्षी राजाचा प्रधान झाला. वाचकहो, परमेश्वर सोबत होता म्हणून त्याचे कार्य सिद्धीस गेले, हे वचन कोठे येते? प्रधानपदाच्या प्रसंगी नव्हे; तो दास असताना, आणि पुन्हा बंदिशाळेत! गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सिद्धी-असिद्धींचे समत्व येथे सहजच आठवते. तथापि दोन्ही एकच, असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तेथे फलाची आसक्ती सोडावयाची आहे, येथे देवाची सोबत ओळखावयाची आहे.

पुढे सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला. दुष्काळ पडताच धान्य मागावयास आले ते तेच भाऊ. त्यांनी त्याला ओळखले नाही. त्याने ओळखले, आणि एकांतात जाऊन तो रडला.