अखेरच्या तासाची मजुरी

केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित असलेले धर्मापुरी बीड जिल्ह्यात आहे आणि बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर येथील मजूर बिऱ्हाड पाठीशी बांधून साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी ऊस तोडून फेडायची आणि दिवस चुकला की ‘खाड्या’चा दंड सोसायचा. जेवढे काम तेवढे दाम, हा हिशेब जिथे इतका कठोर आहे, तिथे येशू ख्रिस्ताने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत प्रथमदर्शनी अन्यायाचाच वाटेल.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ही कथा येते. मळ्याचा मालक भल्या पहाटे मजूर ठरवतो. मजुरी एक दिनार, म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा प्रचलित रोज. पुढे सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता तो आणखी मजूर आणतो. दिवस मावळायला तास उरला असतानाही काही जण चौकात उभेच असतात. ते आळशी नाहीत. त्यांना कोणी कामच दिलेले नाही. संध्याकाळी कारभारी उलट्या क्रमाने मजुरी वाटतो आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात.

ख्रिस्ती धर्मविचारातील ‘कृपा’ या संकल्पनेचे मर्म इथे आहे. कृपा म्हणजे कर्तृत्वाचा मोबदला नव्हे, तर देणाऱ्याच्या औदार्यातून लाभलेले दान. जन्मभर धर्माचरण केलेला आणि आयुष्याच्या उतरणीला परतलेला, दोघांनाही ईश्वराच्या घरी सारखेच स्थान आहे. संत ऑगस्टीनने या प्रहरांत माणसाच्या वयाचे टप्पे पाहिले. संत जॉन क्रिसोस्टम यांच्या नावे प्रसिद्ध असलेले, अखेरच्या प्रहरी आलेल्यालाही सणात सामील करून घेणारे प्रवचन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ईस्टरला वाचले जाते. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आसरा उघडला, त्याचे नाव ‘कृपासदन’ होते. ज्यांच्यासाठी सर्व दारे बंद झाली होती, त्यांना पात्रतेचा दाखला न मागता दिलेले ते घर होते.

मात्र या दृष्टांताचा सोयीचा अर्थ काढण्याचा मोह टाळला पाहिजे. मालकाने पहिल्या मजुरांचा एक पैसाही बुडवलेला नाही. ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी चुकती केली आहे. मजुराचा रोज सूर्यास्तापूर्वी द्यावा, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञाच होती. बायबलमधील याकोबाचे पत्र तर मजुरी अडवणाऱ्या धनिकांना खडसावते. म्हणजे कृपा न्यायाची जागा घेत नाही. न्यायाचे देणे फिटल्यावर ती त्यापुढे जाते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा कामाचा खाडा टाळण्याची धडपडही त्यामागील एक कारण म्हणून पुढे आली. अशा ठिकाणी औदार्याच्या आधी न्यायाचीच गरज असते.

पहिल्या मजुरांचे दुःख आपल्याला कमी मिळाल्याचे नाही, दुसऱ्याला आपल्याइतके मिळाल्याचे आहे. मालक त्यांना मित्र म्हणूनच संबोधतो आणि आपल्या चांगुलपणाचा हेवा का वाटावा, असे विचारतो. त्यांनी काय उत्तर दिले, हे कथा सांगत नाही. तो प्रश्न श्रोत्यासाठीच मोकळा ठेवलेला आहे.