खोल म्हणजे शुद्ध? बुलढाण्याच्या पाण्याविषयीचा एक हट्टी गैरसमज

बुलढाणा जिल्ह्याच्या पूर्णाकाठच्या तालुक्यांत, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या भागांत, विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले की 'अजून शंभर फूट खाली जा, गोडे पाणी लागेल' हा सल्ला हमखास ऐकू येतो. तो इतक्या खात्रीने दिला जातो की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. 'पाणी जितके खोल तितके शुद्ध' हा या सल्ल्यामागचा समज आहे, आणि पिण्याच्या पाण्याविषयीच्या सर्व समजांत तोच सर्वाधिक महागात पडतो. कारण त्यापायी खर्च तर होतोच, शिवाय नवे बोअर लागल्यावर पाणी तपासून घेण्याची गरजच कोणाला वाटेनाशी होते.

हा समज टिकून राहिला, याचे कारण त्यात अर्धे सत्य आहे. पाणी दोन प्रकारांनी दूषित होते. पहिले जैविक दूषण, म्हणजे विष्ठेतून पाण्यात शिरणारे पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण यांचे जंतू. दुसरे रासायनिक दूषण, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांसारखे पदार्थ. माती आणि मुरूम यांच्या थरांतून पाणी हळूहळू झिरपताना जंतू गाळले जातात व बरेचसे मरतात, त्यामुळे नीट केसिंग घातलेल्या विंधन विहिरीत ते उघड्या विहिरीपेक्षा कमी आढळतात, हे खरे आहे. परंतु विरघळलेला क्षार कोणत्याही मातीत गाळला जात नाही. उलट पाणी खडकाच्या आणि गाळाच्या सहवासात जितका अधिक काळ राहते, तितके त्यात अधिक पदार्थ विरघळण्याचा संभव असतो. जंतूंच्या बाबतीत खोली उपकारक ठरते म्हणून क्षारांच्या बाबतीतही ती तशीच ठरेल, असे मानणे ही या समजातील मूळ चूक आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात ही चूक ठळकपणे दिसते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे ज्या खारपाणपट्ट्यात येतात, तो पट्टा म्हणजे खचलेल्या खोलगट भागात नदीने आणून भरलेला, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा गाळ होय. त्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने पाण्याचा निचरा मंद होतो, आणि कोरड्या हवामानात दीर्घकाळ चाललेल्या बाष्पीभवनामुळे पाणी उडून जाऊन क्षार मागे साचत जातात. अनेक ठिकाणी पावसाचे ताजे पाणी मिसळलेला वरचा थरच त्यातल्या त्यात पिण्यासारखा असतो, आणि खाली जावे तसतसा खारेपणा वाढतो. अशा गावात आणखी शंभर फूट खाली जाणे म्हणजे पैसे मोजून अधिक खारे पाणी वर आणणे होय. यांपैकी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे. तेथे पाणी खोल असते, पण गोडे असते. एकाच तालुक्यात काही कोसांच्या अंतरावर दोन वेगळे नियम लागू होत असतील, तर पाण्याचा गुण खोलीवर नव्हे, भूस्तरावर अवलंबून असतो, हे मान्य करण्यास आणखी कोणता पुरावा हवा?

बांगलादेशाचा अनुभव हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. तळ्यांचे जंतुयुक्त पाणी पिऊन मुले दगावू नयेत म्हणून १९७० च्या दशकापासून तेथे मोठ्या संख्येने नलिकाकूप बसवण्यात आले, आणि त्यांतील पाणी नितळ असल्याने ते शुद्ध मानले गेले. १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात, तेथील साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते ७.७ कोटी लोकांना विषबाधेचा धोका असल्याचा अंदाज मांडला गेला. तेथे विष प्रामुख्याने उथळ नलिकाकूपांत होते, आणि अधिक खोल थरांतले पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित निघाले. बंगालच्या गाळात जे खरे ठरले ते पूर्णेच्या गाळात खोटे ठरते. म्हणून एका मुलखातील नियम दुसऱ्या मुलखाला लावण्यात अर्थ नाही.

घाटावरच्या तालुक्यांत, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांत, गाळाऐवजी बेसॉल्टचा काळा खडक आहे. तेथे पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत साठते. खालच्या अखंड पाषाणात भेग लागली तरच पाणी लागते, नाही तर कोरडी धूळ वर येते. खोल बोअर शेजारच्या उथळ विहिरींचे पाणीही खाली ओढते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे, ती याच कारणासाठी. आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर तर १९९३ च्या कायद्यापासूनच बंधन आहे.

'पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, म्हणजे चांगले आहे' हा याच समजाचा सख्खा भाऊ होय. नायट्रेट हा रासायनिक खते, उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून भूजलात उतरणारा पदार्थ रंगहीन, गंधहीन असतो आणि पिणाऱ्याला चवीवरून ओळखू येत नाही. त्याचे प्रमाण जास्त झाल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि त्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिला कोणतीही सूट नाही. विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम असून दुसरा उद्भव नसेल तरच ती २००० पर्यंत चालवून घेतली जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा देशातील १५ जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आहे. नितळपणावर विसंबून राहण्याची चैन या जिल्ह्याला परवडणारी नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या व आसपासच्या गावांत काही दिवसांत लोकांचे केस गळून टक्कल पडू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर घेतला गेला, आणि पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट व क्षार मर्यादेबाहेर आढळलेही. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले, रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे वाढलेले प्रमाण समोर आले, आणि वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. त्यानंतर 'पाण्याचा दोष नव्हता, म्हणजे पाणी ठीक आहे' असा निष्कर्ष काढला जात असेल, तर तो अत्यंत घातक आहे. केस गळण्याच्या आरोपातून पाणी सुटले म्हणून ते पिण्यायोग्य ठरत नाही. नमुन्यांतील नायट्रेट आणि क्षार तसेच राहतात, आणि त्यांवर उपाय करण्याची जबाबदारीही तशीच राहते.

'हातपंप बसवला की गावाचा पाणीप्रश्न मिटला' हा गैरसमज जगभर आढळतो. शेजारच्या जालन्यात आणि पुढे सोलापुरात घडवलेल्या मजबूत हातपंपांच्या अनुभवावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला, आणि तो पुढे आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत पोहोचला. तरीही ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ मध्ये आफ्रिकेतील २० देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा तेथील एक तृतीयांशाहून अधिक हातपंप बंद असल्याचे दिसले. पंप लोखंडाचा असतो, पण तो चालतो सुटे भाग, शिकलेला दुरुस्ती करणारा आणि वेळेवर जमणारी पाणीपट्टी यांच्या बळावर. विहीर खोदणे हा कामाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

आणखी काही समज थोडक्यात निकालात काढता येतात.

'उकळले की सगळे दोष जातात.' जंतू मरतात. क्षार आणि नायट्रेट मात्र जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते.

'तुरटी फिरवली की पाणी शुद्ध.' तुरटीने गढूळपणा खाली बसतो. त्यानंतर निर्जंतुकीकरण करावेच लागते.

'टीसीएल पावडरीने अपाय होतो.' योग्य मात्रेत वापरलेल्या ब्लीचिंग पावडरीने अपाय होत नाही. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे हीच निर्जंतुकीकरणाची खूण आहे.

'जारचे थंड पाणी शुद्ध.' थंड करणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. मोहोर व मानकचिन्ह नसलेल्या जारमधील पाण्याच्या शुद्धतेची हमी कोणीही देत नाही.

'आरओ यंत्र हाच कायमचा उपाय.' ते क्षार काढते, पण निघालेले अधिक खारे पाणी गटारात सोडले तर त्याच जमिनीत मुरते. त्याच्या विल्हेवाटीची सोय आधी व्हावी लागते.

'पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला की पाणी.' त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. आणि पाणी लागले तरी ते पिण्यायोग्य आहे की नाही, हे नारळ सांगत नाही.

खारपाणपट्ट्यासाठी खरा मार्ग आणखी खोल जाण्याचा नसून गोडे पाणी बाहेरून आणण्याचा आणि पावसाचे पाणी साठवण्याचा आहे. वान धरणातून जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी आखलेली १४० गावांची योजना याच विचारावर उभी आहे. ती असो वा गावाची स्वतःची विहीर, प्रत्येक उद्भवाची वर्षातून एकदा रासायनिक आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा जैविक तपासणी व्हावी, अशी व्यवस्था शासनाने घालून दिलेली आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठीच आहेत, आणि जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मात्र तपासणीचा कागद फाईलमध्ये पडून राहिला, तर तो नसल्यासारखाच. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या विहिरीचा अहवाल जाहीर वाचून घ्यावा, नायट्रेट आणि टीडीएस यांचे आकडे मर्यादेशी ताडून पाहावेत, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो उद्भव पिण्यासाठी बंद करण्याचा ठराव करावा. मग तो उद्भव वीस फूट खोल असो वा पाचशे फूट.