मामांचा एक इंच

वाचकहो, पनवेलची बैलगाडीची चाके एके काळी साऱ्या कुलाबा जिल्ह्यात नावाजलेली होती. त्याच चाकांपायी आमच्या मामांचे आयुष्यभराचे गणित एका इंचाने चुकले, त्याची ही हकीकत!

मामा शाळामास्तर. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या ३.१४१६ पट, हे शिकवताना त्यांचे मन कचरे. "दिशा दहा, अवतार दहा, वर्तुळाच्या मुळाशीही दहाच असणार!" तीन लांब, एक रुंद असा आयत ते आखीत. त्याचा कर्ण म्हणजे दहाचे वर्गमूळ, ३.१६२३. तेच खरे माप! आधारही थोर, ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हेच मूल्य दिलेले.

एकदा मला घेऊन ते लोहाराकडे गेले. चाक चार फूट व्यासाचे. मामांच्या हिशेबाने परिघ १५१.८ इंच. लोहाराने सुतळी गुंडाळली, भरली १५०.८!

"मास्तर, धाव चाकाहून जरा लहानच करतो आम्ही. तापवून चढवायची, निवली की आवळते. तुमच्या मापाची पहिल्याच खडीवर निखळेल."

मामा रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "बाळ, आर्यभटाने ४९९ साली २०००० व्यासाला ६२८३२ परिघ सांगितला, आणि वर त्याला 'आसन्न', म्हणजे जवळचा, म्हटले. एवढा नम्रपणा मला कुठला?"

पूर्णांकाचे कोणतेही मूळ काढून हा आकडा हाती येत नाही, हे लिंडेमानने १८८२ सालीच सिद्ध केले होते. मामांना मात्र ते पनवेलच्या लोहाराने पटवले.